क्रूझ जहाजाच्या केबिनमधील गारवा

क्रूझ जहाजाच्या केबिनमधील गारवा : प्रवासी जहाजावरील खोलीतले तापमान, दमटपणा आणि हवेची ये-जा सुसह्य ठेवणारी व्यवस्था, आणि ती नीट चालावी म्हणून प्रवाशाने घ्यायची काळजी. ठाणे-नवी मुंबईचे प्रवासी मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून गोवा किंवा लक्षद्वीपच्या जहाजावर चढतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. त्यामुळे हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. त्याची दोन्ही टोके घामाची.

केबिनला घरच्यासारखा स्वतंत्र एसी नसतो. जहाजाच्या पोटातले चिलर सुमारे ६-७ अंश सेल्सिअसपर्यंत गार केलेले पाणी नळांवाटे जहाजभर फिरवतात, आणि उपसलेली उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडतात. बाहेरची हवा आधी मोठ्या यंत्रात गार व कोरडी होऊन येते. अनेक जहाजांत केबिनच्या छतामागचा छोटा पंखा खोलीतली हवा गार नळ्यांवरून फिरवतो. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटने, म्हणजे तापमान ठरवणाऱ्या कळीने, ठरावीक मर्यादेतच फरक करता येतो. घरी १८ लावून दुलईत शिरणाऱ्यांचा इथे हिरमोड होतो.

खरा सामना दमटपणाशी असतो. हवा ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर सुमारे २६ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी धरते. खाडीकाठच्या ऐरोली-वाशीकरांना ही हवा नवी नाही. पण वारा यावा म्हणून खिडकी किलकिली ठेवण्याची त्यांची सवय जहाजावर महागात पडते. बाल्कनीचे दार उघडे राहिले की आरसा धुरकटतो, गादी ओलसर लागते, कधी छतातून थेंबही पडतात. म्हणून पुष्कळ जहाजांत दार उघडताच खोलीतला गारवा बंद करणारा स्विच असतो. दार लावल्यावरही ओल ओसरायला वेळ लागतो. थर्मोस्टॅट आणखी खाली ओढून ती लवकर जात नाही.

उन्हाची बाजूही पाहावी. गोव्याकडे जाताना पश्चिम उजव्या हाताला येते, परतताना डाव्या. सूर्यास्तासाठी त्या बाजूची बाल्कनी हौसेने घेणाऱ्याने दुपारी जाड पडदे ओढून घ्यावेत. बिनखिडकीची आतली केबिन स्वस्त म्हणून नाक मुरडले जाते. गारव्याच्या हिशोबात मात्र तीच सरस.

बऱ्याच जहाजांत दाराजवळच्या खाचेत केबिनचे चावी-कार्ड असेपर्यंतच दिवे चालतात, काही ठिकाणी एसीही. खाचेत दुसरेच कार्ड खुपसून बाहेर जाण्याची युक्ती सर्रास चालते.

हवा लागत नसेल तर आधी हवा येण्याच्या जाळीसमोरचे सामान हलवावे, मग रिसेप्शनला कळवावे. जाळीमागची झडप अडकलेली असते किंवा फिल्टर तुंबलेला. सोबत बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारा छोटा पंखा न्यावा, पण कंपनीचे नियम आधी वाचावेत. सर्ज प्रोटेक्टर (वीजदाब अचानक वाढल्यास उपकरणे वाचवणारी सोय) असलेला एक्स्टेन्शन बोर्ड बहुतेक कंपन्या काढून घेतात. जहाजावरच्या वीजजोडणीत दोन्ही तारांत वीजदाब (लाइव्ह) असू शकतो आणि असा बोर्ड तापून पेट घेण्याचा धोका असतो. भिंती बहुधा पोलादी पत्र्याच्या असल्याने चुंबकाचे हूक छान बसतात. टोप्या, पिशव्या त्यांवर. पोहण्याचे ओले कपडे मात्र न्हाणीघरातल्या दोरीवरच वाळत घालावेत, कारण तिथली हवा सतत बाहेर खेचली जाते.