वापरण्याजोगी रॅम

संगणकात बसवलेल्या रॅमपैकी, म्हणजे चालू कामाच्या मेमरीपैकी, जेवढी कार्यप्रणालीच्या हाती लागते तेवढी वापरण्याजोगी रॅम. ४ जीबी रॅम घातलेल्या संगणकावर ३२ बिटांची विंडोज ७ असेल, तर त्यातली सव्वातीन जीबीच्या आसपास वापरण्याजोगी असल्याचे दिसते. दुकानदाराने फसवले, ही ग्राहकाची पहिली शंका. ती बहुधा चुकीची असते.

मेमरीतल्या प्रत्येक बाइटला पत्ता लागतो. ३२ बिटांत असे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बसतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. पण ते एकट्या रॅमच्या मालकीचे नाहीत. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) चिप यांच्याशीही प्रोसेसर पत्त्यांवरूनच बोलतो आणि त्यांच्यासाठी ४ जीबीच्या वरच्या टोकाचे पत्ते राखून ठेवलेले असतात. तिथे काही लिहिले की ते रॅममध्ये न जाता कार्डाकडे जाते. त्या पत्त्यांआडची रॅम झाकली जाते. एसटीतल्या आमदारांच्या राखीव जागेवर निदान आमदार नसताना बसता तरी येते, इथे तीही सोय नाही. मोठे ग्राफिक्स कार्ड घातले की रॅम आणखी कमी दिसते, ते यामुळेच.

दुखणे जुनेच आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीत पत्ते १ एमबीपुरते होते. त्यांतले ६४० केबी प्रोग्रॅमना मिळत, उरलेले ३८४ केबी पडदा आणि रॉम (कायमची, फक्त वाचायची मेमरी) यांच्यासाठी राखीव.

१९९५ च्या पेंटियम प्रो या इंटेलच्या प्रोसेसरने ३६ बिटांचे पत्ते आणून मर्यादा ६४ जीबीवर नेली. लिनक्सने आणि विंडोजच्या काही सर्व्हर आवृत्त्यांनी तिचा लाभ घेतला. घरगुती ३२ बिट विंडोज मात्र ४ जीबीवरच अडली, कारण त्यापुढचे पत्ते दिसले की काही ड्रायव्हर (कार्डे वगैरे चालवणारे छोटे प्रोग्रॅम) कोलमडत.

६४ बिटांत ही अडचण सरते, तफावत पुरती सरत नाही. मदरबोर्डवरचे ग्राफिक्स आपला वाटा रॅममधूनच उचलते. शिवाय परवान्याची मर्यादा असते : ६४ बिटांची विंडोज ७ होम बेसिक ८ जीबीपुढे जात नाही, होम प्रीमियम १६ जीबीपुढे.

आकडा थेट निम्म्यावर आला, ८ च्या जागी ४ दिसू लागले, तर मात्र पत्त्यांचा हिशेब करत बसू नये. बहुधा रॅमची एक पट्टी नीट बसलेली नसते. वीज बंद करून ती काढावी, सोनेरी दातांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवावा, भुसा झटकावा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या वाजेपर्यंत पट्टी दाबून बसवावी.