एका घंटेच्या सुरावर नऊ घंटा

घोड्याची लीद, शेळीचे केस आणि चिकणमाती. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलच्या उत्तर मनोऱ्यात २०१३ साली ज्या आठ नव्या घंटा चढल्या, त्यांचे साचे या तीन गोष्टी कालवून केलेले होते. लीद घालतात ती हौस म्हणून नाही. तिच्यातल्या गवताच्या काड्या साचा भाजताना जळून जातात आणि मातीत बारीक छिद्रं राहतात. रसरशीत धातू आत शिरला की वायूंना त्या छिद्रांतून वाट मिळते. वाट नसेल तर घंटेत बुडबुडे राहतात, आणि बुडबुडे राहिलेली घंटा खणखणत नाही, बद्द वाजते. केसांचं काम वेगळं. सुकताना माती तडकू नये म्हणून ते तिला धरून ठेवतात. आपल्याकडे भिंती लिंपायच्या मातीत भुसा आणि शेण का मिसळायचे, हे ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हे काम झालं नॉर्मंडीतल्या विल्दियू-ले-प्वाल या गावात. प्वाल म्हणजे तवे, कढया. गावाचा पिढीजात धंदा तांब्याच्या भांड्यांचा. तिथल्या रहिवाशांना ‘सुर्दॅं’ म्हणतात, आणि हे नाव ‘बहिरा’ या अर्थाच्या शब्दावरून पडलंय, कारण दिवसभर तांबं ठोकून ठोकून कान जायचे. पुण्याच्या तांबट आळीतून ज्यांनी एके काळी दुपारची चक्कर मारली असेल, त्यांना हा विनोद पटकन कळेल. ज्या गावाची ओळख बहिऱ्यांचं गाव अशी, तिथेच १८६५ पासून कोर्नीय-आवार ही घंटा ओतणारी फाउंड्री चालू आहे, आणि सगळ्या पॅरिसने ऐकायच्या घंटांचं काम तिच्याकडे गेलं.

आता प्रश्न असा की नव्या घंटा हव्याच कशाला होत्या? त्यासाठी अठराव्या शतकात जावं लागतं.

त्या शतकाच्या मध्यावर नोत्र दाममध्ये वीसएक घंटा होत्या. उत्तर मनोऱ्यात आठ, दक्षिण मनोऱ्यात दोन प्रचंड घंटा, आणि उरलेल्या मधल्या शिखरात व बाजूच्या छपरात. दक्षिणेकडच्या दोघींपैकी मारी हे नाव १३७८ पासूनचं. दुसरी एमान्युएल. तिचं मूळ १४०० साली दान आलेल्या एका घंटेत आहे. १६८० च्या दशकात ती पुन्हा पुन्हा ओतावी लागली, आणि आज आहे ती १६८६ ची. वजन १३ टनांच्या वर, नुसता लोळाच सुमारे अर्ध्या टनाचा. तिच्या नामकरणाच्या विधीत राजा चौदावा लुई तिचा धर्मपिता. ओततेवेळी पॅरिसच्या बायकांनी अंगावरचे दागिने रसात टाकले म्हणून तिचा आवाज असा, ही आख्यायिका फ्रेंच लोक आवडीने सांगतात. जगभर मोठ्या घंटांना अशा गोष्टी चिकटलेल्या असतात. कोरियातल्या एका थोरल्या घंटेच्या गोष्टीत तर चक्क मूलच रसात टाकलं आहे. सोन्याने आवाज सुधारत नाही. घंटेचं कांसं म्हणजे साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. कथील कमी पडलं तर आवाज दबतो, जास्त झालं तर घंटा काचेसारखी फुटते.

याच कथिलापायी पुढे गंमत झाली. गंमत म्हणायची आपण, त्या घंटांची नव्हे. फ्रेंच क्रांतीला आधी चिल्लर हवी होती, मग तोफा. १७९१-९२ मध्ये नोत्र दामच्या घंटा उतरवल्या, फोडल्या, वितळवल्या. जुलै १७९३ मध्ये हुकूम निघाला की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकच घंटा ठेवायची, बाकीच्यांच्या तोफा करायच्या. पण तोफेच्या कांशात कथील लागतं जेमतेम दहा टक्के. घंटेचा धातू जसाच्या तसा तोफेत घातला तर तोफच फुटेल. तेव्हा घंटेतलं कथील वेगळं कसं काढायचं, यावर त्या काळच्या चांगल्या चांगल्या रसायनशास्त्रज्ञांना कामाला लावलं गेलं. या सगळ्यातून एमान्युएल वाचली. तिलाही खाली उतरवलं होतं, पण फोडलं नाही, आणि १८०२ मध्ये नेपोलियनच्या आदेशावरून ती पुन्हा वर चढली.

हे वाचताना आपल्याला वसई आठवल्याशिवाय राहत नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चमधल्या पोर्तुगीज घंटा हत्तीवरून वाजतगाजत आल्या असं आपण सांगतो. आल्या कशाही असोत, त्या वितळवल्या गेल्या नाहीत. भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या टांगल्या गेल्या आणि अजून आहेत. नाशिककरांनी तर आपल्या घंटेला पुराचं माप करून टाकलं. गोदेचं पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं म्हणजे पूर खरा. मुद्दा एवढाच की विजयचिन्ह म्हणून टांगलेली घंटा टिकली, आणि ज्या पॅरिसने आपल्याच घंटांकडे धातू म्हणून पाहिलं, त्याला सव्वादोनशे वर्षांनी त्यांचा आवाज शोधत बसावं लागलं.

मधल्या काळात उत्तर मनोरा रिकामा होता असं नाही. १८५६ मध्ये, तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत, तिथे चार घंटा बसवल्या. पण धातू हलका, आणि सूर एमान्युएलशी जुळत नव्हता. आपापसातही धड नाही. तरी दीडशे वर्षं पॅरिसने तेच ऐकलं. पर्यटकांनी जो नोत्र दामचा नाद म्हणून कानात साठवला, तो या चार बेसूर बायांचा होता. जाणकार मंडळी त्यांची टिंगल करत, पण बदलायचं मनावर घ्यायला निमित्त लागतं. ते मिळालं २०१३ मध्ये. कॅथीड्रलच्या पायाभरणीचं साल ११६३ धरतात, त्याला ८५० वर्षं होत होती. ठरलं ते असं: क्रांतीपूर्वी होती तशी रचना पुन्हा उभी करायची, उत्तरेला आठ आणि दक्षिणेला एमान्युएलच्या जोडीला नवी मारी.

पण ज्या घंटा ऐकलेला एकही माणूस हयात नाही, त्यांचा आवाज परत कसा आणायचा? वाचलेल्या एकुलत्या एक घंटेवरून. एमान्युएल एफ शार्पमध्ये बोलते. तिला षड्ज धरून बाकी नऊ घंटा तिच्याशी लावायच्या. तानपुरा आधी, गाणं नंतर. एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं, कारण घंटा एक सूर काढतच नाही. नीट ओतलेल्या घंटेत लोळा आदळला की एकदम पाच तरी सूर उठतात. आपल्या भाषेत सांगायचं तर खर्जातला सा, मधला सा, पंचम, वरचा सा, आणि या सगळ्यांत मिसळलेला कोमल गंधार. शुद्ध नव्हे, कोमल. युरोपातल्या मोठ्या घंटेच्या नादात जी एक उदासी वाटते, तिचं बरंचसं श्रेय या गंधाराकडे जातं.

हे पाच सूर एकमेकांशी जुळवता येतात, हे नीट उमगलं सतराव्या शतकात, नेदरलँड्समध्ये. उट्रेख्टचा याकोब फान आइक हा संगीतकार जन्मांध होता, आणि घंटेच्या एका ठोक्यातले वेगवेगळे सूर तो कानांनी सुटे करू शके. त्याला साथ मिळाली फ्रांस्वा आणि पीटर हेमोनी या घंटा ओतणाऱ्या भावांची. घंटेच्या आतली भिंत कुठे किती तासली की कुठला सूर उतरतो, हे त्यांनी मिळून शोधलं आणि १६४४ मध्ये झुटफेन शहरासाठी सुरात लावलेला पहिला मोठा घंटासंच तयार केला. यात एक अडचण आजही तशीच आहे. तासून सूर उतरवता येतो, चढवता येत नाही. काढलेला धातू परत चिकटवता येत नाही. त्यामुळे खरा सूर ठरतो तो साच्यातच, घंटेच्या बाकात.

आणि तो बाक येतो एका लाकडी फर्म्यातून. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोहात पाडणारी वस्तू तीच वाटते: उभ्या कापलेल्या घंटेच्या रेषेबरहुकूम कोरलेली एक फळी, मधल्या खांबाभोवती गोल फिरणारी. खड्ड्यात विटांचा पोकळ गाभा रचायचा, त्यावर मातीचे थर चढवायचे आणि फळी फिरवत राहायची. जास्तीची माती खरवडून निघते आणि घंटेची आतली बाजू उमटते. आत विस्तव ठेवून तो गाभा सुकवायचा. मग दुसऱ्या रेषेची फळी लावून त्यावर मातीचीच एक खोटी घंटा घडवायची, हुबेहूब खऱ्या घंटेच्या जाडीची. तिच्यावर मेणाची अक्षरं, मेणाची नक्षी चिकटवायची. अक्षरं सुलटी, हो. त्यावर पुन्हा मातीचं बाहेरचं कवच. पहिला थर इतका पातळ आणि मऊ की तो कुंचल्याने लावतात, नाहीतर मेणावरची नक्षी बुजते. विस्तव वाढवला की मेण गळून जातं आणि कवचाच्या आतल्या अंगाला नक्षीचा ठसा राहतो. आता कवच उचलायचं, खोटी घंटा फोडून टाकायची, कवच परत जागेवर बसवायचं. फोडलेल्या घंटेने जी पोकळी सोडली, तीच घंटा.

मग तो सगळा साचा मातीत पुरून, वरून धुमसून धुमसून पक्का करायचा, कारण कित्येक टन पातळ धातूचा दाब साधंसुधं कवच उखडून टाकतो. ओलावा अजिबात राहता कामा नये. एका कोपऱ्यात दमट माती राहिली तर वाफेने साचा उडतो. अकराशे अंशांच्या वर तापलेलं कांसं पन्हळीतून सोडलं की काही मिनिटांचा खेळ. त्यानंतर काही दिवस नुसतं थांबायचं. घाई करून उकरलं तर घंटा तडकते. बाहेर निघते ती काळीठिक्कर, मातीने माखलेली, आणि ती बोलते कशी हे पहिला टोल पडेपर्यंत कुणालाच माहीत नसतं.

विल्दियूत अशा आठ निघाल्या. सर्वांत मोठी गाब्रिएल, ४,१६२ किलो. सर्वांत धाकटी जाँ-मारी, ७८२ किलो. नावं अर्थातच माणसांची: मोरिस हे नाव कॅथीड्रलचं बांधकाम सुरू करणाऱ्या बिशपचं, तर जाँ-मारी हे पॅरिसचे आर्चबिशप राहिलेले कार्डिनल लुस्तिजे यांचं. गाब्रिएल आणि जाँ-मारी यांचा सूर एकच, फक्त सप्तकाचा फरक. गणिताने पाहिलं तर सगळी मापं निम्मी केली की सूर एक सप्तक चढतो आणि वजन आठव्या हिश्श्यावर येतं. त्या हिशेबाने जाँ-मारी सव्वापाचशे किलोंच्या आसपास हवी होती. पण लहान घंटा मोठीच्या शेजारी किरटी वाजू नये म्हणून कारागीर तिला मुद्दाम जाड ठेवतात. पुस्तकातल्या सूत्रापेक्षा हे कानाचं शहाणपण जुनं आहे.

‘पारंपरिक पद्धत’ हा शब्द मात्र जरा जपून वापरायला हवा. साच्याची माती जुनी, फळीची कल्पना जुनी, पुरून ओतणं जुनं. भट्टी जुनी नाही, सुरांची मोजणी यंत्रांनी झालेली, आणि घंटांवरची सजावट व्हर्जिनी बासेती या आजच्या शिल्पकार बाईंची, आजच्याच वळणाची. सहा टनांची मारी तर फ्रान्समध्ये ओतलीच गेली नाही. ती आली नेदरलँड्समधल्या आस्तेनच्या रॉयल आइस्बाउट्सकडून. हेमोनी बंधूंनी जिथे काम केलं तो हाच देश, हे आठवलं की त्यात फारसं बिघडलं असंही वाटत नाही. जुन्या घंटांची नक्कल करायची नव्हतीच, नक्कल करायला समोर काही उरलंही नव्हतं. जे परत आणलं ते सुरांचं आपसातलं नातं.

सुमारे वीस लाख युरोंचा खर्च देणग्यांतून उभा राहिला. फेब्रुवारी २०१३ मध्ये नव्या घंटा कॅथीड्रलच्या मधल्या दालनात जमिनीवर मांडून ठेवल्या होत्या, लोकांना हात लावून पाहता याव्या म्हणून. एकदा मनोऱ्यात गेल्यावर कोण जातंय बघायला? २३ मार्चला त्या पहिल्यांदा वाजल्या. दरम्यान उतरवलेल्या चार जुन्या घंटांवरून भांडण पेटलं. त्या वितळवायच्या, अशी बातमी फुटताच विरोध झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी त्या वाचल्या. बेसूर असल्या तरी त्या १८५६ च्या होत्या. घंटा वितळवण्याचा पश्चात्ताप म्हणून चाललेल्या कामात आणखी चार घंटा वितळवायच्या, हे जरा अतीच झालं असतं.

सहा वर्षांनी, १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी, छप्पर आणि शिखर जळत असताना आग उत्तर मनोऱ्यापर्यंत पोहोचली. घंटा दगडी भिंतींवर टांगलेल्या नसतात. त्यांचे हादरे भिंतींना बसू नयेत म्हणून मनोऱ्याच्या आत एक स्वतंत्र लाकडी सांगाडा असतो, आणि घंटा त्यावर. तो सांगाडा पेटला असता तर साडेसोळा टन कांसं खाली कोसळून मनोराही घेऊन गेलं असतं. अग्निशमन दलाचे जवान मनोऱ्यात शिरले आणि त्यांनी आग तिथेच अडवली. पुढे घंटा उतरवल्या, साफ केल्या, सप्टेंबर २०२४ मध्ये परत नेल्या. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी त्या पुन्हा वाजल्या, आधी एकेक, मग सगळ्या मिळून.

त्याच वर्षी विल्दियूच्या फाउंड्रीने ऑलिंपिकसाठी एक घंटा ओतली होती. पॅरिसजवळच्या स्टेडियममध्ये जांभळ्या धावपट्टीच्या कडेला ती टांगली होती आणि जिंकलेले खेळाडू धावत जाऊन ती वाजवत. स्पर्धा संपल्यावर ती नोत्र दामला देऊन टाकली.