फ्रीबीएसडी हा लिनक्सचा डिस्ट्रो नव्हे

'उबुंटू, फेडोरा, डेबियन, फ्रीबीएसडी' अशी डिस्ट्रोंची (म्हणजे लिनक्सवर बांधलेल्या तयार सिस्टिमांची) यादी दिसली की मला पुढचं वाचवत नाही. पहिले तिघं भावकीतले, चौथ्याचं घराणंच वेगळं: बर्कली विद्यापीठातल्या बीएसडी या युनिक्सचं.

लिनक्स येत असेल तर फ्रीबीएसडीच्या टर्मिनल, रूट, पॅकेजेस यात नवं काही नाही. पॅकेज टाकताना 'अप्ट'ऐवजी 'पीकेजी' लिहायचं, झालं.

गोची इथे आहे: लिनक्स म्हणजे नुसता कर्नल, हार्डवेअर हाताळणारा सिस्टिमचा गाभा. डेबियनवर फायलींची यादी बघायला तुम्ही 'एलएस' मारता ती कमांड ग्नू या दुसऱ्याच प्रकल्पाची, सी लायब्ररी (प्रोग्रॅमना कर्नलशी बोलायला लागणारा पायाभूत कोड) ग्लिबसी, तीही ग्नूचीच, मशीन चालू होताना बाकीच्या सेवा उठवणारं सिस्टिमडी तिसऱ्यांचंच. ही मोट बांधतो तो डिस्ट्रो. फ्रीबीएसडीत कर्नल, सी लायब्ररी, 'एलएस', अगदी मॅन्युअलची पानंसुद्धा एकाच सोर्स ट्रीमध्ये (कोडच्या एकाच साठ्यात), एकाच प्रकल्पाची. वरून टाकलेली पॅकेजेस गुमान 'यूएसआर-लोकल' या वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात. मला ही शिस्त फार आवडते (आणि तिथली मॅन्युअलं खरंच वाचण्यासारखी असतात).

पण माझ्या मते लोकप्रियतेत हीच शिस्त नडली. लिनक्सच्या अपुऱ्या कर्नलला बाकीचा संसार कुणीतरी जोडून देणं भाग होतं. १९९३ मध्येच स्लॅकवेअर आणि डेबियन उभे राहिले, मागोमाग रेड हॅट. जो तो आपल्या डिस्ट्रोचा डंका पिटायचा, नाव मात्र लिनक्सचं व्हायचं. पुढे अँड्रॉइडने तर कर्नल तेवढा उचलला आणि ग्लिबसी बाजूला ठेवली. गंमत म्हणजे त्याच्या 'बायोनिक' या सी लायब्ररीत बराच कोड बीएसडीचा आहे! फ्रीबीएसडीवरूनही इतरांनी सिस्टिम काढल्या, पण मूळ वस्तूच पूर्ण असल्यावर तशी निकड कुणाला?

दुसरं कारण कोर्टाचं. १९९२ मध्ये एटी अँड टीच्या यूएसएल कंपनीने बीएसडीच्या कोडवरून दावा ठोकला. १९९४ मध्ये तडजोड झाली तेव्हा सुमारे अठरा हजार फायलींपैकी फक्त तीन काढाव्या लागल्या. तोवर धास्तावलेली मंडळी लिनक्सकडे वळली होती. ३८६बीएसडी (पीसीवर चालणारी बीएसडी) आधी हाताशी असती तर बहुधा लिनक्स झालंच नसतं, असं खुद्द लिनक्सचा जनक टोरवाल्ड्सनेही म्हटलंय.

'जीपीएलमुळेच लिनक्स जिंकलं' हे पालुपद मात्र मला अर्धवट वाटतं (जीपीएल म्हणजे बदललेला कोड वाटला तर तोही खुला करायला लावणारं लिनक्सचं लायसन्स). बीएसडीच्या सैल लायसन्समुळे वापर कमी झाला नाही, दिसेनासा झाला. प्लेस्टेशन ४ ची सिस्टिम फ्रीबीएसडीवर बेतलेली आहे, नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. सोफ्यावर बसलेल्याला त्याचा पत्ताही नसतो.

मला विचाराल तर फायली साठवायच्या सर्व्हरवर झेडएफएस या फाइल सिस्टिमसकट फ्रीबीएसडीच घाला. लॅपटॉपवर मात्र वायफाय कार्डाचा ड्रायव्हर आहे का ते आधी बघा. नसेल तर उगाच हट्ट न करता डेबियन टाका.