कमिटचं उत्तर आलंच नाही तर?

डेटाबेसचा मुख्य सर्व्हर बंद पडला की क्लस्टरमधला, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या गटातला, राखीव सर्व्हर त्याची जागा घेतो. हाच फेलओव्हर. काम काही सेकंदांत होतं म्हणतात, आणि बहुतेकदा खरंच होतं. पण ते सेकंद सर्व्हरचे, त्याला जोडलेल्या ॲप्लिकेशनचे नव्हेत.

राखीव सर्व्हरकडे डेटाची प्रत असते, चालू कनेक्शनांची नसते. तात्पुरती टेबलं, लॉक (नोंदींवर घेतलेले ताबे), सेशनची म्हणजे त्या कनेक्शनपुरती सेटिंग्ज सगळं जुन्या मशीनवर होतं, ते तिच्याबरोबर गेलं. नुसता डेटाबेस क्रॅश झाला, तर ऑपरेटिंग सिस्टिम निदान कनेक्शन तुटल्याचं कळवते. वीजच गेली तर कळवायला कोणी उरत नाही. उत्तराची वाट पाहणारा क्लायंट, म्हणजे जोडलेलं ॲप्लिकेशन, मग ताटकळतो. लिनक्सवर टीसीपी कीपअलाइव्ह (समोरचा अजून आहे का, हे अधूनमधून विचारायची सोय) चालू असलं तरी मूळ सेटिंगनुसार पहिली विचारणा 7,200 सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते! ही मुदत कमी करायचं बहुतेकांना पहिल्या फजितीनंतरच सुचतं.

अर्धवट ट्रान्झॅक्शनची, म्हणजे एकत्रच पूर्ण व्हायच्या बदलांच्या गटाची, फार चिंता नको. ते रद्द होतं, पहिल्यापासून पुन्हा करायचं. खरी गोची कमिटची, म्हणजे ‘हे बदल कायम कर’ या आदेशाची. खात्यातून 500 रुपये वळते करायचे आहेत, क्लायंटने कमिट पाठवलं आणि कनेक्शन तुटलं. सर्व्हर कमिट पोचण्याआधी गेला, की पैसे वजा करून ‘झालं’ कळवण्याआधी? क्लायंटला दोन्ही वेळा एरर सारखीच दिसते. डोळे झाकून पुन्हा पाठवलं तर 1,000 कापले जायचे. म्हणून प्रत्येक व्यवहाराला क्लायंटनेच एक क्रमांक द्यावा आणि तो त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, युनिक कॉलमात (जिथे एकच क्रमांक दोनदा चालत नाही) नोंदवावा. आधीचं कमिट झालं असेल तर दुसरा प्रयत्न डेटाबेसच नाकारतो. ओरॅकलने आपल्या डेटाबेसच्या 12सी आवृत्तीत, कमिट झालं की नाही हे कळावं म्हणून, ट्रान्झॅक्शन गार्ड ही सोय दिली.

‘झालं’ असं उत्तर आलं तरी राखीव सर्व्हरकडे प्रत मागाहून जात असेल, तर धोका उरतोच. 21 ऑक्टोबर 2018 रोजी प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या गिटहब या सेवेचं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं नेटवर्क 43 सेकंद तुटलं. तेवढ्यात तिच्या मायएसक्यूएल डेटाबेस क्लस्टरांचं मुख्यपद पश्चिम किनाऱ्याकडे गेलं. पूर्वेला झालेल्या काही नोंदी तिकडे पोचल्याच नव्हत्या. एका गजबजलेल्या क्लस्टरमध्ये अशा 954 निघाल्या. सेवा 24 तास 11 मिनिटं विस्कळीत राहिली. अशा वेळी व्यवहार क्रमांकही कामाचा नाही. ‘झालं’ ऐकलेला क्लायंट पुन्हा पाठवेल कशाला? त्या नोंदी जुन्या सर्व्हरच्या लॉगमधूनच, म्हणजे बदलांच्या नोंदवहीतूनच, हुडकाव्या लागतात.