कोल्हा की खोकड? नान्नजच्या माळावरचा एक जुना घोळ

सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नज, मार्डी, अकोलेकाटी या बाजूच्या कुठल्याही वस्तीवर जा आणि विचारा, शिवारात कोणती जनावरं दिसतात? काळवीट, लांडगा, ससा यांच्या जोडीला ‘कोल्हा’ येणारच. आपण फॉर्मवर टिक करायची आणि पुढच्या वस्तीकडे निघायचं. पहिल्यांदा एका पाहणीत स्वयंसेवक म्हणून गेलो तेव्हा दोन दिवस मी हेच केलं. तिसऱ्या दिवशी बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाला विचारलं, ‘‘मामा, कोल्हं दिसतंय का इकडं?’’

‘‘दिसतंय की. कसलं लिहालाव? मोठं का बारकं?’’

‘‘बारकं पण असतंय?’’

‘‘बारकं ते खोकड की ओ. तुमच्या कागदावर न्हाई का ते?’’

कागदावर ते नव्हतं. फॉर्म ज्यांनी छापला त्यांनी कोल्ह्यापुढे एकच चौकोन ठेवला होता. दोन दिवसांत मी ज्या एकवीस टिका केल्या, त्यातला कुठला कोल्हा खरा कोल्हा आणि कुठला खोकड, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

मेंढपाळाला हे दोन प्राणी वेगळे आहेत हे माहीत असतं. घोळ करतो तो शाळा शिकलेला माणूस, आणि त्यात त्याचाही फार दोष नाही. आपला कोल्हा म्हणजे हिंदीतला सियार किंवा गीदड, संस्कृतातला शृगाल, जंबूक. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोघे कोल्हेच. हिंदीत लोमडी म्हणतात ते आपलं खोकड. इथवर सगळं सरळ होतं. मग इसापनीती मराठीत आली. तिच्यातला द्राक्षांखाली उड्या मारणारा प्राणी खरं तर खोकडाच्या जातकुळीतला, पण मराठीत तो ‘कोल्हा’ झाला आणि ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ ही म्हण पक्की बसली. पुढे बालभारतीपासून कार्टूनपर्यंत जिथे जिथे लोमडी होती, तिथे कोल्हा बसला. चित्रात मात्र तांबडालाल, पांढऱ्या टोकाच्या झुबकेदार शेपटीचा प्राणी. तो तांबडा खोकड हिमालयात आणि राजस्थान-कच्छच्या वाळवंटी भागात सापडतो, सोलापुरात नाही. म्हणजे नाव एकाचं, चित्र दुसऱ्याचं आणि माळावर उभा तिसराच.

अस्सल कोल्हा ज्या म्हणीत आहे ती म्हणजे ‘कोल्हा काकडीला राजी’. ती करणाऱ्याने प्राणी नीट पाहिला होता. कोल्हा काकडी खातो, टरबूज खातो, बोरं खातो, मेलेलं जनावर खातो, उंदीर धरतो, गावाबाहेरच्या उकिरड्यावरही भागवतो. (नान्नज हे द्राक्षांचंही गाव, ‘सोनाका’ वाण तिथलाच. तिथल्या बागेत गळालेली द्राक्षं उचलणाऱ्या कोल्ह्याला ती आंबट लागत असतील असं वाटत नाही.)

आता दोघांना शेजारी उभं करू.

कोल्ह्याचं शास्त्रीय नाव कॅनिस ऑरियस. कॅनिस म्हणजे ज्या गटात लांडगा आणि आपला पाळीव कुत्रा येतात तो गट. वजन साधारण आठ ते अकरा किलो, अंगयष्टी सडपातळ गावठी कुत्र्यासारखी, रंग पिवळट-करडा, पाठीवर काळसर केसांची मिसळ, पाय आणि कान जरा तांबूस. खोकड म्हणजे व्हल्पिस बेंगालेन्सिस. नावात बंगाल असला तरी हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिण टोकापर्यंत ते आढळतं, आणि भारतीय उपखंडाबाहेर कुठेच नाही. वजन दोन ते चार किलो, म्हणजे घरच्या धष्टपुष्ट बोक्याइतकं. फोटोत पाहून लोकांना हे पटत नाही. फोटोत मोजायला शेजारी काही नसतं, आणि लांब कान, लांब पाय, लांब शेपूट यामुळे खोकड आहे त्यापेक्षा मोठं वाटतं.

लांबून ओळखायचं तर शेपूट बघा, पण टोकाचा रंग नको. दोघांच्याही शेपटीचं टोक काळं असतं, त्यामुळे ‘काळं टोक दिसलं म्हणजे खोकड’ असं लिहिलेल्या नोंदी मी सरळ बाजूला ठेवतो. बघायची ती लांबी. खोकडाची शेपूट डोकं-धड मिळून होणाऱ्या लांबीच्या निम्म्याहून जास्त असते आणि झुबकेदार असते. कोल्ह्याची जेमतेम एक तृतीयांश. चालताना खोकड ती मागे लोंबती ठेवतं, पळताना आडवी सरळ धरतं आणि एकदम वळण घेताना जवळपास उभी करतं. ही शेपूट एकदा उभी झालेली पाहिली की पुन्हा कधी गफलत होत नाही. कोल्हा पळताना असा खेळ करत नाही. तो थोडं अंतर जातो, थांबतो, मान वळवून तुमच्याकडे बघतो आणि मग निवांत उसात शिरतो.

जवळून पाहायला मिळालं तर डोळे. खोकडाची बाहुली उजेडात मांजरासारखी उभी फट होते, कोल्ह्याची कुत्र्यासारखी गोलच राहते. प्रत्यक्ष माळावर हे क्वचित दिसतं, पण कॅमेरा ट्रॅपच्या (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या) दिवसाच्या फोटोत किंवा गाडीखाली आलेल्या जनावराची नोंद करताना उपयोगी पडतं.

प्राणी न दिसताच बरंचसं काम करावं लागतं, म्हणून पावलं आणि विष्ठा. कोल्ह्याचा ठसा कुत्र्याच्या ठशात मिसळतो, आणि माळावर कुत्री सगळीकडे. पण कोल्ह्याच्या पंजाची एक खोड आहे: मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना जोडलेल्या असतात. ओढ्याकाठच्या बारीक चिखलात ठसा नीट उमटला असेल तर ते जोडकाम दिसतं. मुरमावर काहीच दिसत नाही, तिथे मान मोडून बसण्यात अर्थ नाही. खोकडाचा ठसा इतका लहान असतो की पहिल्यांदा मांजराचाच वाटतो, पण पुढे नखांच्या टोच्या असतात. मांजर चालताना नखं आत घेतं. विष्ठाही तशीच लहान, करंगळीच्या जाडीची. कोरडी झाल्यावर काडीने फोडली की आत भुंग्यांच्या चकाकत्या पाठी, वाळवीची डोकी, बोराच्या बिया, उंदराचे केस. खोकडाच्या खाण्यात किड्यांचा वाटा मोठा आहे. चार किलोंच्या आत बसणाऱ्या शिकाऱ्याला पावसाळ्यानंतरचा माळ म्हणजे जेवणाचं ताट.

आवाजाची गोष्ट लगेच संपते. तिन्हीसांजेला एकाने सुरुवात केली की चारी बाजूंनी उत्तरं येतात ती कोल्हेकुई, आणि ती कोल्ह्याचीच. खोकड तुटक, चिरका भुंकतं, बहुधा एकटं. अंधारात कोल्हेकुई ऐकून ‘खोकडं ओरडतायत’ म्हणणारा अजून मला भेटला नाही.

खरा फरक घरात आहे. खोकड बिळाशिवाय जगत नाही. ते स्वतः बीळ खणतं, बिळाला बरीच तोंडं ठेवतं आणि जोडीने राहतं. पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतात, म्हणजे ज्वारीची काढणी ते ऐन उन्हाळा. जागा लागते ती थोडी उंच, पाणी न साचणारी, चारी बाजूंनी नजर जाईल अशी उघडी. आमच्याकडे असा भाग म्हणजे मुरमाड माळ आणि त्याच्या कडेचा जुना बांध. काळ्या रानात उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि पावसात फुगते, तिथे बीळ टिकायचं कसं? गवत गुडघ्याच्या खाली असेल तर खोकडाला शत्रूही दिसतो आणि टोळही. डोक्याएवढं गवत किंवा दाट झाडी झाली की त्याची पंचाईत होते.

कोल्ह्याला असलं काही लागत नाही. ओढ्याची घळ, रस्त्याखालची मोरी, दुसऱ्याने खणलेलं बीळ रुंद करून घेणं, काहीही चालतं. आणि ऊस तर त्याच्या सोयीसाठीच लावल्यासारखा. भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं, कालवे आले, आणि जिथे कोरडवाहू ज्वारी आणि पडीक माळ होता तिथे बारमाही हिरवं रान उभं राहिलं. दिवसभर सावली, उंदीर भरपूर, पाणी जवळ. तिथे कोल्ह्याचं चांगलं चालतं. खोकडाला त्या रानात ना नजर पोहोचत ना बीळ खणता येत.

म्हणूनच त्या एका चौकोनाचा मला इतका राग आहे. एखाद्या गावात दहा वर्षांपूर्वी ‘कोल्हा: आहे’ आणि आज ‘कोल्हा: आहे’ अशी नोंद असेल, तर कागदावर काहीच बदललेलं नाही. प्रत्यक्षात मधल्या काळात माळ नांगरला गेला, खोकडं गेली, कोल्हे आले, असंही झालेलं असू शकतं. एका प्राण्याचं नसणं दुसऱ्याच्या नावाखाली झाकलं जातं.

हे नुसतं अंदाजाने बोलत नाही. नान्नज परिसर हा खोकडाच्या अभ्यासाचं देशातलं महत्त्वाचं ठिकाण आहे. इथलं माळढोक अभयारण्य १९७९ चं. कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचं होतं, नंतर १,२२२ वर आणलं गेलं. माळढोकासाठी राखलेल्या गवताच्या तुकड्यांनी खोकडालाही आसरा दिला. वन्यजीव संशोधक अबी तमीम वनक यांनी इथल्या खोकडांना रेडिओ कॉलर लावून ती कुठे फिरतात ते पाहिलं. त्यांच्यासह काही संशोधकांनी केलेला बिळांच्या जागांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बिळासाठी खोकडं नैसर्गिक गवताळ माळाला ठळक पसंती देतात, हे त्यातून पुढे आलं. मेंढपाळाला हे आधीच माहीत होतं म्हणा. पण मेंढपाळाच्या सांगण्यावरून कुणी वृक्षलागवड थांबवत नाही. माळ म्हणजे ‘मोकळी जागा’, मोकळी जागा म्हणजे खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावायला हक्काची, ही समजूत सरकारी आणि हौशी दोन्ही मंडळींत घट्ट आहे. एक रोप लावल्याचा फोटो छान येतो. खोकडाच्या बिळाचं तोंड बुजल्याचा फोटो कुणी काढत नाही.

कुत्र्यांचंही सांगायला हवं. वनक आणि सहकाऱ्यांनी इथे केलेल्या एका प्रयोगात, कुत्रा आसपास असला की खोकड खाणं कमी आणि टेहळणी जास्त करतं, असं दिसलं. कुत्र्यांच्या रक्ततपासणीत डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांशी त्यांची गाठ मोठ्या प्रमाणावर पडलेली आढळली, आणि हे दोन्ही रोग खोकडाला होऊ शकतात. इथेही नावाचा घोळ भोवतो. पिसाळलेला कोल्हा वस्तीत शिरून माणसांना चावल्याच्या बातम्या येतात, त्या बहुतेक खऱ्या असतात. मग गावकरी काठ्या घेऊन निघतात आणि बांधावरचं पहिलं बीळ दिसेल ते बुजवतात. ते बीळ खोकडाचं असण्याचीच शक्यता जास्त, कारण बांधावर बीळ खणणारं तेच.

बुद्धपौर्णिमेच्या रात्रीच्या पाणवठा गणनेबद्दल माझं मत चांगलं नाही, एवढंच सांगतो. चांदणं कितीही पडो, पन्नास मीटरवरून पाण्याला तोंड लावलेल्या करड्या आकृतीचं वजन आठ किलो की तीन किलो, हे मचाणावर पहिल्यांदा बसलेला माणूस सांगू शकत नाही. रात्रीचा अनुभव म्हणून जरूर बसावं. पण त्या आकड्यांवर आलेख काढू नये. पाणवठ्याच्या कडेला दिवसाच हाताच्या लांबीची एक काडी रोवून ठेवली तर निदान मोजायला काहीतरी राहतं. ही युक्ती मला एका वनरक्षकाने शिकवली.

पुढच्या पाहणीसाठी आम्ही फॉर्म आमच्या हाताने बदलला. प्राण्याचं नाव आधी विचारायचं नाही. ‘शेपूट केवढं?’, ‘बीळ कुठं?’, ‘एकट्याने ओरडतं का टोळीने?’ असं विचारायचं आणि नाव शेवटी. चौकोन तीन केले: कोल्हा, खोकड आणि ‘सांगता येत नाही’. पहिल्या दिवशी संध्याकाळी वस्तीवर चहा घेत मोजणी केली, तर सगळ्यात जास्त खुणा तिसऱ्या चौकोनात पडल्या होत्या.