काट्याची उलटतपासणी

जुन्या स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला की पहिला संशय मीटरवरच जातो. गाडी पन्नास वर्षांची, मीटरही तेवढंच जुनं, बिघडलं असणार! पण शहानिशा होईपर्यंत काटा खरं बोलतोय असंच धरून चालावं. इंजिन खरोखर तापलेलं असेल आणि आपण तसेच पुढे गेलो, तर गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधली सीलपट्टी) जातं, सिलिंडर हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकतं. तेव्हा गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि ते गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. झाकणाआड दाब साधारण एक बारने जास्त असेल, तर आतलं पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी उसळून अंगावर येतं.

खरं तापमान किती, हे वेगळ्या साधनाने मोजायला हवं. इन्फ्रारेड थर्मामीटर सोयीचा, पण तो चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखला तर फसवतो. असा पृष्ठभाग स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी दिसतो. इंजिन गार असताना थर्मोस्टॅटच्या (इंजिनातून रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेच्या) कव्हरवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा आणि नंतर त्यावर मोजा. तिथला आकडा नेहमीसारखा आणि काटा मात्र लाल पट्ट्यात, असं दिसलं तरच मीटरची चौकशी सुरू करायची.

आता यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. ट्रायम्फ टीआर६ (१९६९ ते १९७६) सारख्या गाड्यांमधलं हे मीटर इंजिनचं तापमान थेट मोजतच नाही. मीटरच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंची जोडपट्टी असते आणि तिच्याभोवती बारीक तारेचं वेटोळं. तारेतून वीज गेली की पट्टी तापते, दोन धातू कमीजास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि काटा ढकलते. म्हणजे काटा दाखवतो ते डॅशबोर्डमागच्या त्या चिमुकल्या पट्टीचं तापणं! म्हणूनच चावी फिरवल्यावर तो झटकन उडी न मारता सावकाश चढतो.

ही पट्टी किती तापेल हे विजेच्या दाबावरही ठरतं, आणि गाडीचा व्होल्टेज काही स्थिर नसतो. म्हणून मध्ये एक छोटा स्टॅबिलायझर बसवलेला असतो. त्यातही तशीच जोडपट्टी. ती तापली की संपर्क तुटतो, निवली की पुन्हा जुळतो, आणि या चालू-बंद खेळातून सरासरी दहा व्होल्ट मिळतात. मल्टिमीटर (व्होल्टेज आणि विद्युतरोध मोजणारं यंत्र) लावल्यावर आकडा नाचताना दिसला तर घाबरू नका, तो नाचायलाच हवा. मात्र स्टॅबिलायझरच्या या डबीची अर्थिंग (गाडीच्या धातूच्या बॉडीशी असलेली विजेची जोडणी) गंजाने तुटली तर तिची पट्टी तापत नाही, संपर्क जुळलेलाच राहतो आणि मीटरला दहाऐवजी थेट चौदा व्होल्ट मिळतात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. इंजिन ठीक असूनही काटा त्यामुळेच चढतो. पेट्रोलचा काटाही बहुधा याच डबीवर चालतो. अर्धी टाकी भरलेली असताना तोही चढलेला दिसला, तर इंजिन उचकटण्याआधी त्या डबीचा स्क्रू घासून साफ करा.

पेट्रोलचा काटा ठीक असेल तर मोर्चा इंजिनचं तापमान टिपून मीटरला कळवणाऱ्या सेंडरकडे वळवायचा. इंजिनमध्ये बसवलेल्या या बोल्टसारख्या भागात धातूंच्या ऑक्साइडची चकती असते. साध्या तारेचा विद्युतरोध तापल्यावर वाढतो, हिचा मात्र घटतो. हे उलटं वागणं मायकेल फॅरेडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये नोंदवलं होतं. इंजिन तापलं की रोध घटतो, जास्त वीज वाहते, काटा चढतो.

यावरून एक सोपी चाचणी निघते. इग्निशन चालू ठेवून सेंडरची वायर काढा. काटा गार बाजूला उतरायला हवा. उतरला नाही तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे किंवा मीटर अडकलं आहे. आता वायरचं टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा. काटा चढू लागला की लगेच बाजूला करा, जास्त वेळ धरलं तर मीटरमधलं वेटोळं जळू शकतं. काटा दोन्हीकडे नीट हलला, म्हणजे मीटर आणि वायर निर्दोष. मग इंजिन गार असताना सेंडर काढून पाण्यात धरा, पाणी उकळेपर्यंत तापवा आणि मल्टिमीटरने त्याचा रोध बघत राहा. पाणी तापताना रोध सलग उतरत जायला हवा, मध्येच उड्या मारत असेल तर सेंडर बदला. नवा बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर गुंडाळू नका. सेंडरची अर्थिंग त्या आट्यांमधूनच होते, ती कमजोर झाली की काटा खाली दाखवतो.

काटा खाली राहण्याचं एक कारण साधं आहे: थर्मोस्टॅट उघडा अडकला आणि इंजिन खरंच गार राहिलं. दुसरं मात्र घातक आहे. कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) इतकं कमी झालं की सेंडर पाण्याऐवजी हवेत उघडा पडतो. हवा धातूला पाण्याइतकी उष्णता पोचवत नाही, त्यामुळे इंजिन भाजून निघत असताना काटा निवांत खाली उतरतो. चालत्या गाडीत काटा एकाएकी खाली आला, तर वर जाण्याइतकंच ते गंभीर समजून थांबा.

१९६२ मध्ये आलेल्या एमजीबीच्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये यातली एकही विजेची चाचणी चालत नाही, कारण तिथे वीजच नाही. इंजिनमधल्या बंद नळकांडीत ईथर असतं. ते तापलं की त्याच्या वाफेचा दाब केसासारख्या बारीक नळीतून मीटरपर्यंत पोचतो आणि तिथली वाकडी नळी सरळ होऊ पाहते. तापमानाबरोबर हा दाब भराभर वाढत जातो, म्हणून अशा मीटरवर वरच्या अंशांच्या खुणा खालच्यांपेक्षा दूर दूर असतात. नळी कुठे तुटली की ईथर उडून जातं आणि काटा तळाला बसतो. तेव्हा मल्टिमीटर बाजूला ठेवून नळी बोटांनी चाचपत जा, आधी जिथे ती पत्र्यातून पलीकडे जाते तिथे बघा.