सिलिंडर हेड: उतरवणं, तपासणं आणि पुन्हा आवळणं

रेडिएटरमधलं पाणी रोज थोडं कमी होतं, पण गाडीखाली थेंब नाही. इंजिन पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. इंजिन चालू असताना रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येतात. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की हेड गॅस्केट (सिलिंडरांचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधला पातळ थर) गेलं असं समजायला हरकत नाही. ऑइलच्या झाकणाखाली दिसणारा मळकट फेस मात्र एकट्याने पुरावा ठरत नाही. थंडीत गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालवली, तरी वाफ साचून तसा फेस होतो. नुसता तो पाहून हेड उतरवू नये.

गॅस्केटवर किती भार येतो, याचा हिशोब मारुती ८०० वर करून पाहू. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, सिलिंडरचा व्यास ६८.५ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास ३७ चौरस सेंटिमीटर. पूर्ण भारावर छोट्या पेट्रोल इंजिनात ज्वलनाचा दाब ५० बारच्या आसपास जातो. म्हणजे प्रत्येक स्फोट हेडला सुमारे १.९ टन जोराने वर ढकलतो, आणि ३००० आरपीएमला एका सिलिंडरमध्ये असे सेकंदाला २५ स्फोट होतात. हेडला धरून ठेवतात ते फक्त बोल्ट. १० मिमी जाडीचा बोल्ट ५८ न्यूटन-मीटरला (हे टॉर्कचं, म्हणजे फिरवण्याच्या जोराचं माप) आवळला, तर त्यात साधारण ३ टन ताण येतो. असे आठ बोल्ट मिळून २३-२४ टनांनी हेड दाबून धरतात. हा दाब सगळीकडे सारखा हवा. उतरवण्या-बसवण्याचे बहुतेक नियम यातूनच आलेत.

दुसरी अडचण धातूंची. बऱ्याच इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं, आणि ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावतं. ३०० मिमी लांबीचं हेड ७० अंशांनी तापलं, तर दोन्ही धातूंच्या वाढीत पाव मिलिमीटरचा फरक पडतो. गाडी तापते आणि निवते तेव्हा दर वेळी गॅस्केट तेवढं घासलं जातं. इंजिन अतितापलं की हेडला वाढायला जागा उरत नाही, ते मधोमध वाकतं आणि दोन सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीवर गॅस्केट आधी जळतं.

उतरवताना इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं. गरम हेडचे बोल्ट सैल केले तर ते वाकडं होऊनच बाहेर येतं. बॅटरीची ऋण वायर काढा, कूलंट भांड्यात घ्या. ते गटारात किंवा अंगणात ओतू नका, कुत्री-मांजरं ते पितात आणि मरतात. व्हॅक्युमच्या नळ्यांना चिकटपट्टी लावून क्रमांक द्या आणि फोटो काढून ठेवा. क्रँक (पिस्टन वरखाली करणारा दांडा) फिरवून पहिला सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आणा, टायमिंगच्या (व्हॉल्व्ह कधी उघडतात त्या वेळेच्या) खुणा जुळवा आणि मगच बेल्ट काढा. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) असेल तर त्याच्या आतला रोटर कुठे रोखला आहे तेही खुणेनं नोंदवा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो एक्झॉस्ट मेनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणारी नळी. त्याचे नट वर्षानुवर्षं शेकडो अंशांत भाजलेले असतात, नट आणि स्टड (नट ज्यावर बसतो तो आटे पाडलेला दांडा) गंजून एकजीव होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. नट सोडताना नुसता जोर लावू नका. थोडा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा सैल, असा हलवत काढा. अडलाच तर नट ज्योतीने तापवा, पण आधी पेट्रोलच्या नळ्या दूर करून. स्टड तुटला आणि थोडा बाहेर उरला, तर त्यावर नट वेल्ड करून फिरवतात. वेल्डिंगची उष्णताच अर्धं काम करते. पृष्ठभागाशी सपाट तुटला तर मधोमध टोचा मारून ड्रिल करावं लागतं. ड्रिल जरा कलंडलं की ॲल्युमिनियमचे आटे गेले, त्यामुळे हे काम सरळ लेथवाल्याकडे द्यावं. इनटेक (मिश्रण आत नेणारा) मेनिफोल्ड त्या मानाने सोपा. तो काढल्याबरोबर पोर्टमध्ये (हेडमधल्या वाटेत) स्वच्छ फडकं कोंबा. आत पडलेला एक वॉशर पिस्टन फोडू शकतो.

हेडचे बोल्ट बाहेरून आत, अर्धा-अर्धा आटा, दोन-तीन फेऱ्यांत सैल करायचे. हेड चिकटलं असेल तर स्क्रूड्रायव्हर दोन पृष्ठभागांच्या मध्ये घालून उचकटू नका. त्या एका ओरखड्यातून नव्या गॅस्केटखालून पाणी गळेल. लाकडी ठोकळा लावून हलकेच ठोका. काढलेलं हेड पालथं ठेवायचं नाही, कारण उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वाकतात.

आता स्वच्छ करायची घाई नको. जुनं गॅस्केट नीट पाहा, कुठल्या सिलिंडरभोवतीची कडी जळली आहे? पिस्टनही पाहा. सगळ्यांवर काजळी आणि एकच लख्ख असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात होतं. वाफेनं तो धुऊन काढलेला असतो.

साफसफाईसाठी ग्राइंडरवरची खरखरीत चकती वापरू नका. ॲल्युमिनियम खोलगट होतं, आणि चकतीचे बारीक कण ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाऊन ती खातात. प्लॅस्टिकची पट्टी, गॅस्केट विरघळवणारं रसायन आणि धीर, एवढं पुरतं. बोल्टची भोकं हवेनं कोरडी करा, डोळ्यांवर गॉगल घालून. भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट ते दाबतो, द्रव दबत नाही, आणि ब्लॉकला तडा जातो.

मग सरळ पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्या) घालून पाहायचं. अशा छोट्या हेडला ०.०५ मिमीची पाती कुठेही आत जाता कामा नये. गेली तर फेसिंग, म्हणजे मशीनवर पृष्ठभाग तासून सपाट करणं. पण फेसिंग फुकट पडत नाही. ९:१ कॉम्प्रेशनच्या (मिश्रण किती पट दाबलं जातं त्या प्रमाणाच्या) याच आकाराच्या इंजिनात ०.२ मिमी धातू काढला, तर प्रमाण ९.२ च्या आसपास जातं, आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या जवळ आल्याने व्हॉल्व्हचं टायमिंग किंचित मागे पडतं. किती काढायचं याची मर्यादा कंपनीच्या पुस्तकात असते. ती ओलांडली तर हेड बदलायचं. इंजिन खूप तापलं असेल तर फेसिंगआधी हवेच्या दाबावर तडा तपासून घ्या. तडा गेलेल्या हेडवर फेसिंगचा खर्च वाया जातो.

हेड बाहेर आहेच तर व्हॉल्व्ह सीटवर (ज्या कड्यावर ते टेकतात) घासून घ्यावेत. प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या जागीच परत जायला हवा, त्यामुळे पुठ्ठ्यात भोकं पाडून क्रमाने लावा. घासणीची पेस्ट सीटवर लावून व्हॉल्व्ह डावीकडे-उजवीकडे फिरवायचा आणि मधूनमधून उचलायचा. राखाडी रंगाची अखंड, सव्वा ते दीड मिलिमीटरची कडी उमटली की पुरे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटमधूनच सोडतो. कडी तुटक असेल तर तो तिथेच जळतो. पेस्टचा कणही आत राहू देऊ नका. नंतर व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये थोडं रॉकेल ओता. पाच मिनिटांत खाली झिरपलं नाही तर काम झालं. व्हॉल्व्हचे ऑइल सील मात्र नवेच घाला, स्वस्त असतात.

गॅस्केट बसवताना वरची बाजू आणि ऑइलचं भोक जुळवा. बहुतेक गॅस्केट कोरडंच बसतं. त्यावर सिलिकॉन थापण्याची गॅरेजमधली सवय चुकीची आहे. जादा सिलिकॉन सुटून ऑइलच्या वाटेत अडकतो.

बोल्ट मधून बाहेर, गोलाकार क्रमाने आवळा. एकदम ५८ न्यूटन-मीटर नाही. २०, मग ४०, मग शेवटचा आकडा, तोही आपल्या इंजिनाच्या पुस्तकातला. टॉर्क पाना ताण मोजत नाही, तो फिरवायला लागणारा जोर मोजतो, आणि त्यातला सुमारे ९० टक्के घर्षणात जातो. त्यामुळे कोरड्या आणि तेल लावलेल्या बोल्टमध्ये एकाच आकड्याला ताण तिसऱ्या हिश्शाने वेगळा पडू शकतो. पुस्तक सांगेल तसंच तेल लावा किंवा लावू नका. काही नव्या इंजिनांत आधी टॉर्क आणि मग ९० अंशांसारखा ठरावीक कोन दिलेला असतो. असे ताणले जाणारे बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत.

मेनिफोल्डही मधून बाहेर आवळायचे, पण त्यांच्यावर जोर काढू नका. बिडाचा एक्झॉस्ट मेनिफोल्ड ५५० अंशांनी तापला, तर ३०० मिमीला पावणेदोन मिलिमीटरहून अधिक वाढतो. टोकाची भोकं मोठी असतात ती याचसाठी. तिथे घट्ट आवळलं तर स्टड तुटतात. इनटेकला बारीक फट राहिली तर मिश्रण पातळ होतं आणि आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) डोलतं. एक्झॉस्टची फट थंड इंजिनात टिकटिक करते, तापल्यावर गप्प होते.

स्टार्टर मारण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर थांबा, टायमिंग चुकलंय. मग टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) सेट करा. पाणी ऑइलमध्ये गेलं असेल तर ऑइल आणि फिल्टर बदला. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि गाडीचं तोंड उंच करा, म्हणजे अडकलेली हवा निघेल.

शेवटी गाडी उभ्या उभ्या तापू द्या आणि पंखा आपोआप सुरू होतो का ते पाहा. पंख्याचा स्विच मेलेला असेल, रेडिएटर बुजलेला असेल किंवा कुणी थर्मोस्टॅट काढून टाकला असेल, तर त्याचा इलाज करूनच गाडी परत द्या. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंटची पातळी परत एकदा पाहा.